साहेब, जरा पाय देता का?

साळवेबाई बाळांना अहो-जाहो करत. जन्माला येऊन जेमतेम दोन दिवस झालेल्या, अजून नावसुद्धा न ठेवलेल्या, मूठ उघडायचीही अक्कल नसलेल्या माणसाला त्या "साहेब" म्हणत आणि मुलगी असली तर "मॅडम". उलट आम्ही, म्हणजे केस पांढरे झालेले, घरी जावई येणारे लोक, आम्हाला सरसकट अरे-तुरे. वॉर्डात एखाद्या बाळाच्या टाचेतून रक्त काढायचं असलं की बाई हात कोपरापर्यंत धुऊन काचेच्या पेटीवर वाकत आणि म्हणत, "साहेब, जरा पाय देता का?" मग थोडं थांबत. उत्तराची वाट बघितल्यासारखं खरंच थांबत. मग "मेहेरबानी" म्हणून पाय हातात घेत. ते थांबणं बघून नवीन आलेल्या सिस्टर पदर तोंडाला लावून हसत. बाईंना त्याचं काही नव्हतं.

मी त्या हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायचो. हैदराबादचं मोठं सरकारी हॉस्पिटल, नाव कशाला सांगा, तिथल्या पंख्यांनी मला जे छळलं ते मी विसरलेलो नाही. डॉ. कौसल्या साळवे तिथल्या नवजात बाळांच्या वॉर्डाच्या प्रमुख. पहिल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सवयीनं हिंदीत सुरू झालो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"नाव काय रे?"

"जाधव."

"कुठला?"

"मलकपेठ."

"ते ऱ्हायचं झालं. गाव?"

"देगलूरकडं, मॅडम."

"मग माझ्यासमोर हिंदी कायकू झाडूलालास? आणि मॅडम नक्को. मॅडम ती, पेटीतली. मला बाई म्हण."

बाई मूळच्या नांदेडकडच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळावर काम करून त्यांनी लेकीला डॉक्टर केलं. राहायला अंबरपेठेत. नवरा, साळवेसाहेब, नामपल्ली स्टेशनात पार्सल ऑफिसात. घरी सकाळी बुद्धवंदना झाली की बाई स्कूटर काढत, साहेबांना मागे बसवून नामपल्लीला सोडत आणि पुढं हॉस्पिटलात येत. गाडी फार वाईट चालवत. साळवेसाहेब मला एकदा म्हणाले, "जाधव, सकाळची वंदना मी मनापासून करतो त्याचं कारण पुढचा रस्ता आहे."

बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सगळ्या हॉस्पिटलाला माहीत होती: त्यांच्या पांढऱ्या कोटाला मुंग्या लागत. खुंटीवर कोट टांगला की थोड्या वेळात भिंतीवरून एक बारीक काळी ओळ खाली उतरे आणि उजव्या खिशात शिरे. कारण त्या खिशात साखरेच्या पाण्याची एक छोटी बाटली असे, ड्रॉपरसकट, आणि तिचं बूच कधीच नीट बसत नसे. कुणी चिडवलं की बाई म्हणत, "गोड माणसालाच मुंग्या लागतात. तुझ्या कोटाला लागल्या का कधी?" मी कोट घालतच नव्हतो, पण हे त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

ती बाटली कशाला, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळी आमच्याकडं असा समज होता की इतक्या लहान बाळाला दुखत नाही. रडतं ते भुकेनं, थंडीनं, नाहीतर रडायची सवय म्हणून. त्यामुळं सुई टोचताना, नळी घालताना, बारीकसारीक चिरफाड करतानासुद्धा बाळाला काही द्यायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. कुणी दुष्ट नव्हतं. सगळे तसंच शिकून आलेले आणि वॉर्डात गर्दी इतकी की विचार करायला फुरसत नाही. एकट्या साळवेबाईंना ते सहन होत नसे. टोचण्याआधी जिभेवर साखरेच्या पाण्याचा एक थेंब टाकला की बाळाला कमी दुखतं, असं त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं आणि हाताखालच्या बाळांवर बघितलंही होतं.

त्यांना एकच हवं होतं. वॉर्डाच्या दारावर लावायला एक ऑर्डर, सुपरिंटेंडेंटच्या सहीची: कुठल्याही बाळाला सुई लावण्याआधी साखरेचा थेंब द्यायचा, घट्ट दुपट्ट्यात धरायचं, मगच टोचायचं. बाई ड्यूटीवर असल्या की हे होईच. पण बाई घरी गेल्या की वॉर्ड पुन्हा जुन्या वळणावर जाई आणि ते बाईंच्या जिवाला लागून राहिलं होतं. "मी अंबरपेठेत भाकरी खाऊलाली आणि इकडं साहेब कोरडेच टोचून घेऊलालेत," असं त्या म्हणत, आणि ते म्हणताना मात्र हसत नसत.

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला कसं कळलं दुखतं म्हणून? ते तर बोलत नाही."

"माझे कान टोचले ना, तेव्हा सोनार म्हणाला, दुखत नाही. आई म्हणाली, दुखत नाही. आजूबाजूच्या समद्या बाया म्हणाल्या, दुखत नाही. कान माझा होता रे! तेव्हापासून दुसऱ्याच्या वतीनं 'दुखत नाही' म्हणणाऱ्यावर माझा भरवसा नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं दुसरेच ठरवतात, जाधव. आमच्या माणसांना ते नवं नाही."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी हातातला स्क्रू कुठं ठेवला ते विसरलो.

सुपरिंटेंडेंट होते मोईनसाहेब. जातिवंत सर्जन, उंचेपुरे, आवाज असा की व्हरांड्याच्या त्या टोकाला बोलले तर या टोकाचा पेशंट उठून बसे. माणूस दिलदार. पण बाईंच्या ऑर्डरीचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"मेरेकू सबूत होना, बाई. बच्चा रोया, ये सबूत नईं. रोने को तो आजकल मेरी बेगम बी रोती, केबल पे सीरियल देख के. उनकू क्या सुई लगी?"

आणि मग सबूत द्यायचं मशीन आलं.

ते दिवसच तसे होते. परवाने उठले होते, बाहेरचा माल येऊ लागला होता, आणि कालपर्यंत आबिड्सला टेपरेकॉर्डर विकणारी पोरं टाय लावून हॉस्पिटलात मशिनं दाखवायला येत होती. असाच एक एजंट बाईंच्या खोलीत आला. त्याच्या मशिनाला जोडलेला कॉम्प्युटर हृदयाचा प्रत्येक ठोका टिपत होता आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून त्याची रेघ काढत होता. एजंटला स्वतःला ते कशासाठी ते माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. त्यांनी गोड बोलून ते मशीन काही दिवस बिनपैशाचं वापरायला ठेवून घेतलं. "आवडलं तर सरकार घेते की," असं त्या त्याला म्हणाल्या. सरकार घेणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे ते परत जायच्या आत सबूत तयार व्हायला हवा होता.

मशीन लागलं त्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"जाधव, घड्याळासारखं एका ठेक्यात चालणारं काळीज चांगलं का वाईट?"

"चांगलं."

"चूक. बाजारात निवांत आलेली बाई बघ. इथं थांबते, तिथं वाकते, मधेच बांगड्या बघते, परत मागं फिरते. तिच्या चालीला ठेका आहे का? नाही. आता तिला कुणी सांगितलं, घरी आग लागली. मग बघ. नाकासमोर, एका चालीत, सटासट. काळजाचं तसंच. बाळ खुशीत असलं की ठोके कधी जवळ, कधी लांब, बाजारात फिरूलालेत. दुखलं की सटासट. रेघ सरळ."

मी आयुष्यभर मशिनं हाताळली, पण मशीन काय मोजतं हे इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मशिनाचा छपाईयंत्र हा भाग मात्र भयंकर होता. छापायला लागलं की पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, आणि सगळा वॉर्ड किंचाळत उठे. बाईंनी घरून आईच्या हातची गोधडी आणून त्याच्यावर टाकली. परदेशातून आलेलं मशीन नांदेडच्या गोधडीखाली घरघरू लागलं. कागद बाहेर काढायचा तर मला गोधडीत डोकं घालावं लागे. एजंटनं ते बघितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

बाळांना तारा लावण्याआधी मशीन मोठ्या माणसावर तपासून बघावं म्हणून बाई माणूस शोधत होत्या. दुपारी साळवेसाहेब घरचा डबा घेऊन आले, आणि सापडले. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, शर्टाची बटणं काढायला लावली, तारा चिकटवल्या. साहेब भले गृहस्थ, डोळे मिटून बसले. रेघ छान वर-खाली होत होती. बाजारात फिरत होती.

"आवो," बाई म्हणाल्या, "ताईंचा फोन आला होता. महिनाभर ऱ्हायला येऊलाल्यात."

रेघ सरळ झाली.

"येऊ दे की," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "बहीणच आहे माझी. मला आनंदच आहे."

"जाधव, बघ. तोंड काय म्हणूलालंय आणि काळीज काय म्हणूलालंय. मशीन चांगलं आहे." मग नवऱ्याच्या छातीवरच्या तारा काढत म्हणाल्या, "येत नाहीत त्या. मी आपलं बघितलं."

त्यानंतर साळवेसाहेब डबा घेऊन आले की गेटवरच्या शिपायाकडं ठेवून परत जात.

बाळांच्या कामाला बाईंनी कडक नियम केले. पहिला नियम: मोजण्यासाठी म्हणून कुणालाही टोचायचं नाही. कावीळ बघायला जे टोचावंच लागतं, तेवढंच मोजायचं. दुसरा नियम: मोजताना साखर बंद. कारण साखर दिली तर दुखणं दिसणार कसं? हा दुसरा नियम करताना त्यांना फार जड गेलं. पण एकदा काय ते मोजून घेऊ, ऑर्डर निघेल, मग पुढच्या सगळ्यांना थेंब मिळेल, असा हिशेब त्यांनी मनाशी केला होता. आणि नियम पाळला जातो की नाही यावर त्यांची नजर अशी की बिचाऱ्या सिस्टर लीलाम्मा, वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात हळव्या, त्यांचे हात बाई सगळ्यांसमोर हुंगून बघत.

"लीलाम्मा, खरं सांग. साखर दिलीस?"

"अय्यो, ओट्टु मेडम!" म्हणून लीलाम्मा गळ्याला हात लावून शपथ घेत.

आणि आज्यांचं तर विचारू नका. बाळंतिणींबरोबर आलेल्या आज्या लुगड्याच्या ओटीत मधाची बाटली लपवून आणत आणि बाई ती पकडत. आज्यांचं वाक्य तेलुगूत, उर्दूत, मराठीत एकच: "एका थेंबानं काय होते?" बाई ओरडत, "एका थेंबानं माझा अख्खा कागद नासते!" यावर परभणीकडची एक म्हातारी फणकाऱ्यानं म्हणाली होती, "आम्ही चाटवला तर मध, यांनी चाटवलं तर औषध."

तर मशीन चालू झालं आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. दुसऱ्या डॉक्टरांनी टोचलं की रेघ सरळ होई, अगदी पट्टीनं आखल्यासारखी. बाईंना हवा तसा सबूत. पण खुद्द बाईंनी टोचलं की रेघ मजेत वर-खाली. बाळ निवांत. जणू कुणी टोचलंच नाही.

दोष अर्थातच माझ्यावर आला. मी तारा बदलल्या. मी स्टॅबिलायझर बदलला. भिंतीतलं वायरिंग उकरून बघितलं. एजंटनं मद्रासहून एक इंजिनिअर आणला, त्यानं मशीन उघडलं, आत बघून मान हलवली, आणि आमच्या कँटीनमध्ये उस्मानिया बिस्किटं खाऊन परत गेला. शेवटी लीलाम्मांनी मशिनाला लिंबू-मिरच्या बांधल्या. बाईंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या दिवशी त्या लिंबाकडं नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"काढू का बाई?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्याचा उपयोग नाही. पण तुझाही झाला नाही."

मशीन परत न्यायचा दिवस उगवला. एजंटची गाडी बाहेर उभी. बाईंनी मोईनसाहेबांना बोलावलं होतं. ते आले ते सगळी फौज घेऊन. एका बाळाची कावीळ तपासायचीच होती. मी म्हटलं, बाई, तुम्ही नका टोचू, दुसऱ्या कुणाला सांगा, तुमच्या हाताला हे मशीन बिचकतं. पण बाईंना ते पटलं नाही. माझा सबूत मीच देणार, म्हणाल्या. तारा लावल्या. मी गोधडीत डोकं घातलं.

"साहेब, जरा पाय देता का?"

बाई थांबल्या. मग "मेहेरबानी" म्हणाल्या. टोचलं.

मी कागद ओढून काढला. रेघ मजेत बाजारात फिरत होती. बाळ ओठ चुटूचुटू हलवत झोपेच्या बेतात होतं. मोईनसाहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"बाई, आपकी मशीन तो मेरी तरफ है. बच्चे को कुच बी नईं हुआ."

कुणीतरी मागं हसलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. इतक्या दिवसांची धावपळ, लोकांची बोलणी, आणि ही एक संधी. मशीन आता जाणार. मला इतकं वाईट वाटलं की मी पुन्हा गोधडीत डोकं घातलं.

तेवढ्यात मोईनसाहेबांचा आवाज आला. "अरे बाई, आपके कोट पे चींटियाँ जा रईं."

सगळ्यांनी बघितलं. मीही डोकं बाहेर काढलं. बाहेर खुंटीवरून कोट अंगावर चढवताना मुंग्याही बरोबर आल्या होत्या आणि ओळीनं उजव्या खिशात शिरत होत्या. बाईंनी खिशात हात घातला. ड्रॉपर बाहेर आला. ओला होता. टोकाला एक थेंब लोंबत होता.

बाईंनी ड्रॉपरकडं बघितलं. बाळाकडं बघितलं. बाळाच्या ओठाला बोट लावून ते स्वतःच्या जिभेला लावलं. आणि त्यांच्या तोंडाकडं बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. "पाय देता का" म्हणून त्या थांबत, ते थांबणं उत्तरासाठी नव्हतंच. त्या वेळात त्यांचा हात खिशातून थेंब काढून बाळाच्या जिभेवर टाकून परत खिशात जात होता. इतकी वर्षं हे दोन्ही जोडीनं केलेलं. तोंडानं विचारलं की हात आपोआप निघे. नियम त्यांच्या डोक्यानं केला होता, हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. लीलाम्मांचे हात हुंगणाऱ्या बाई स्वतः रोज सगळ्यांदेखत चोरी करत होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

"ओट्टु मेडम?" लीलाम्मा अगदी हळू म्हणाल्या.

वॉर्डात हशा पिकला. मोईनसाहेब तर भिंतीला टेकले. बाईही हसल्या, पण लगेच सावरल्या.

"सर, म्हणजे साखरेचा गुण दिसला की नाही? टोचलं तरी साहेब निवांत. आणि बाकीच्यांनी टोचलेले कागद आहेत माझ्याकडं."

"वो कागज में बी कौन क्या चटाया, किसको मालूम?" मोईनसाहेब डोळे पुसत म्हणाले. "अब बिगर शक्कर के दिखाओ. इसी बच्चे पे. अबी."

आत्ता खरी कसोटी होती. एकदा टोचलं असतं तर ऑर्डर निघाली असती. बाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली.

"नाही. यांचं रक्त मिळालं. आता दाखवायला म्हणून टोचायचं नाही."

"तो फिर ऑर्डर नईं."

"नसू द्या."

मोईनसाहेब जायला वळले. एजंट आत डोकावला. आणि बाई म्हणाल्या, "सर, मग तुमचं बोट द्या."

"क्या?"

"तुम्ही बसा. तुम्हाला तारा लावते. एक टोचणी. साहेबांना लावली तसलीच सुई, पण नवीन. तुम्हाला काहीच होत नसेल तर रेघ तसंच सांगेल, आणि मी परत तुमच्या दारात येणार नाही."

मोईनसाहेब गडगडाटी हसले. आयुष्यभर लोकांची पोटं फाडलेला माणूस! बाह्या सरसावून खुर्चीत बसले. छातीवर तारा लागल्या. मी गोधडीत शिरलो. रेघ झकास चालली होती, ऐटीत, नवाबासारखी.

बाईंनी ट्रेमधली नवी सुई उचलली.

रेघ सरळ झाली.

मला वाटलं तार निसटली. मी ओरडलो, "बाई, सरळ!" बाईंनी सुई खाली ठेवली. रेघ हलायला लागली. सुई उचलली. सरळ. ठेवली. हलली. मी गोधडीतून "सरळ! हलली! सरळ!" असा ओरडत होतो आणि वॉर्डात पोट धरून लोक हसत होते.

"सर, सुई अजून माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला लागली नाही."

मोईनसाहेबांच्या कपाळावर घाम होता. मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. दुसऱ्याला हजार टाके घातले, पण स्वतःला सुई लावायची म्हटली की लहानपणापासून त्यांचा जीव घाबरा होई. शाळेत देवीची लस टोचायला आले की हे मागच्या भिंतीवरून उडी मारून पळत. कुणाला सांगितलं नव्हतं. बेगमलासुद्धा नाही.

"पर ये तो डर है, बाई," ते म्हणाले. "दर्द कहाँ है?"

"भीतीच आहे, सर. पण तुम्हाला भिंतीवरून उडी मारता येत होती. यांना काय येते?"

मोईनसाहेब उठून पेटीकडं गेले. बाळ झोपलं होतं. एक पाय दुपट्ट्याबाहेर आला होता, टाचेवर कापसाचा बोळा. मोईनसाहेबांनी त्या एवढ्याशा पायाला बोट लावलं आणि दुपट्टं ओढून झाकलं.

"लिखो," ते म्हणाले. "जो लिखना है लिखो, मैं सही करतूँ. और एक बात बी लिखो, सुपरिंटेंडेंट को ये मशीन दुबारा नक्को लगाओ."

दुसरी गोष्ट बाईंनी लिहिली नाही, पहिली लिहिली. ती वॉर्डाच्या दारावर लागली, खाली मोईनसाहेबांची लांबलचक सही. मशीन एजंट घेऊन गेला. गोधडी बाईंनी काढून घेतली. लिंबू-मिरच्या तेवढ्या मशिनाबरोबर गेल्या, कुणाच्या लक्षातच आलं नाही. वॉर्डात साखरेच्या पाण्यासाठी एक छोटं कपाट आलं आणि मुंग्या चढू नयेत म्हणून लीलाम्मांनी त्याचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवले. बाईंच्या कोटाच्या मुंग्या मात्र शेवटपर्यंत गेल्या नाहीत. कपाट झालं तरी खिशातली बाटली त्यांनी सोडली नव्हती.

बाई निवृत्त झाल्या, मग मीही झालो. मोईनसाहेब गेले. लीलाम्मा नर्सिंगच्या शाळेत शिकवायला गेल्या. भेटीगाठी कमी झाल्या. मध्ये एकदा साळवेसाहेबांचा फोन आला, बाईंना दवाखान्यात ठेवलंय, शुगर फार वाढली. शहराच्या त्या नव्या बाजूला, सगळीकडं काच असलेलं खाजगी हॉस्पिटल. मी गेलो. बाई पलंगावर, अगदी बारीक झालेल्या, केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाल्या, "ये. इथली मशिनं आवाज करत नाहीत. तुझ्यासारख्यानं काय करावं?"

तेवढ्यात एक तरुण सिस्टर सलाइनची सुई घेऊन आली. तिला बाई कोण ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिनं ट्रे ठेवला, बाईंजवळ वाकली आणि म्हणाली, "मेडम, कोंचेम चेय्यि इस्तारा?"

म्हणजे, मॅडम, जरा हात देता का?

आणि थांबली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं, कारण माझे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू.

"कुणी शिकवलं गं तुला, असं विचारायला?" बाईंनी तेलुगूत विचारलं.

ती म्हणाली, आमच्या शाळेत लीलाम्मा सिस्टर होत्या. लहान बाळ असो की म्हातारं माणूस, विचारल्याशिवाय सुई उचलायची नाही, अशी त्यांची शिस्त होती.

"मग पुढचं नाही शिकवलं?"

"काय मेडम?"

"साखर."

ती पोर गोंधळली. ती बाळांसाठी, म्हणाली, आणि तुम्हाला तर शुगर आहे.

"एका थेंबानं काय होते?" साळवेबाई म्हणाल्या, आणि आ करून बसल्या.

सिस्टरनं इकडंतिकडं बघितलं. मग गालात हसत ट्रेमधल्या ग्लुकोजच्या बाटलीतून एक थेंब काढला आणि बाईंच्या जिभेवर टाकला. मग हात घेतला. सुई गेली. मी जुन्या सवयीनं पलंगाशेजारच्या मॉनिटरकडं बघत होतो.

"काय बघूलालास रे? कसं चाललंय?"

"बाजारात फिरूलालंय, बाई."

"फिरू दे," म्हणून त्यांनी डोळे मिटले. ओठ मात्र चुटूचुटू हलत होते.